फाटलेली बाटली हलवू नका

घरी केलेलं कंडिशनर किंवा केसांचा स्प्रे फाटला, वर तेल आणि खाली पाणी असे थर दिसायला लागले, की आपल्याकडे एकच उपाय सांगितला जातो: हलवून वापरा. या सल्ल्याला माझा विरोध आहे, कारण त्याचा परिणाम मी माझ्याच घरात पाहिला आहे.

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका वहिनींनी वाण म्हणून स्वतः केलेला हेअर स्प्रे वाटला. रोजमेरीची पानं उकळून गाळलेलं पाणी, थोडं गुलाबपाणी, आणि त्यात पुदिन्याचं व रोजमेरीचं तेल. छोटी बाटली, वर फवारा. प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा हे किती छान, असं आम्ही सगळ्याच म्हणालो. माझी भाची तेव्हा शिकायला आमच्याकडे राहत होती. अंघोळ झाली की ती भांगात दोन फवारे मारायची, थंडगार वाटतं म्हणायची. मार्चच्या सुमाराला बाटली संपत आली आणि एका सकाळी ती धावतच बाहेर आली. ‘‘मावशी, डोकं नुसतं पेटलंय!’’ भांगाच्या दोन्ही बाजूंची कातडी लालबुंद झाली होती आणि एक ओघळ कपाळावरून डोळ्यात उतरला होता. आधी डोळा नळाखाली धरला, चांगली पंधरा मिनिटं. मग डोकं शाम्पूने धुतलं, कारण नुसत्या पाण्याने तेल जात नाही. त्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याला इजा झाली नव्हती. भांगातली कातडी मात्र पुढे बरेच दिवस सोलवटत राहिली.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली आहे. काहीही बिघडलं की बाटली उजेडाला धरायची ही सवय तिथली. त्या दिवशी संध्याकाळी ती बाटली खिडकीत धरली. आत पाणी जवळजवळ उरलंच नव्हतं. तळाशी होता तो पिवळसर, चकचकीत तेलाचा थर आणि त्यात बुडालेली फवाऱ्याची नळी.

सगळा उलगडा त्या नळीत होता. पुदिन्याचं आणि रोजमेरीचं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं आणि पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते वर तरंगतं. फवाऱ्याची नळी तळापर्यंत जाते, म्हणजे आधी उपसलं जातं ते खालचं पाणी. महिनाभर मुलीच्या डोक्यावर सुगंधी पाणीच पडत होतं. पाणी संपलं आणि तरंगणारं तेल नळीच्या तोंडाशी आलं, त्या दिवशी जवळजवळ निव्वळ तेलाचा फवारा बसला. लवंगेचं आणि दालचिनीचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं. त्यांचा स्प्रे असेल तर पहिलाच फवारा भाजतो. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एकत्र करून आपण अमृतधारा करतो. ती केसांच्या पाण्यात घालणाऱ्याही कितीतरी जणी आहेत, आणि तीही अशीच वेगळी राहते.

हलवल्याने काय होतं? तेलाचे थेंब पाण्यात पसरतात, पण ते धरून ठेवणारं काही नसल्यामुळे काही सेकंदांतच परत एकमेकांना जाऊन मिळतात. बाटली हलवून, झाकण काढून, आरशात भांग बघेपर्यंत वरचं वर गेलेलं असतं. आणि घाईच्या सकाळी, ८-०५ची लोकल गाठायची असताना, हलवायचं राहून जातंच.

मी वहिनींना सांगायला गेले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मनापासून केलेली वस्तू होती ती. पण त्यांनी लगेच घरोघरी फोन केले आणि ज्यांच्याकडे बाटल्या शिल्लक होत्या त्या परत मागवल्या. त्या बाटल्या आम्ही दोघींनी ओट्यावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीत थर होता. एका बाटलीत नळीच्या टोकाला काळपट धागे धरले होते. ती बुरशी होती. तेव्हापासून ओळखीच्या बायका फाटलेल्या बरण्या घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. आधी सोसायटीतल्या, मग अंबरनाथच्या जुन्या मैत्रिणी, मग त्यांच्या ओळखीने उल्हासनगरच्या सिंधी भाभी. प्रत्येक बरणीचा बिघाड निराळा होता, आणि प्रत्येकीने आधी ती हलवूनच पाहिली होती.

आमच्या या पट्ट्यात असं घरी काहीतरी बनवण्याची ओढ जुनी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली. त्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी, राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना, उल्हासनगर हे नाव दिलं गेलं. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. हातात भांडवल नसलेल्या त्या माणसांनी घरातच छोटे उद्योग उभे केले. इकडे अंबरनाथ-बदलापूरला एमआयडीसी आली, रसायनांची नावं घराघरांत पोचली. घरातलं कोणीतरी प्लांटमध्ये, कोणीतरी पॅकिंगला. लागणारा माल मशीदबंदरच्या वडगादीतून आणता येतो, आता तर घरपोचही येतो. त्यामुळे आमच्याकडच्या बायका शिकेकाई-रिठ्यावर न थांबता कंडिशनर, सीरम, स्काल्प क्रीमपर्यंत पोचल्या आहेत. याचा मला अभिमान आहे. काळजी वाटते ती एवढीच की कृती हाताशी आली, पण बिघाड ओळखण्याची विद्या कृतीबरोबर येत नाही.

म्हणून बरणी हातात आली की मी आधी ती काचेच्या ग्लासात थोडी ओतते आणि बघते. वरचा भाग दाट आणि खालचा पातळ, धूसर, पण स्वच्छ तेल कुठेच नाही, असं असेल तर ती दुधावर साय धरावी तशी गोष्ट आहे. तेलाचे थेंब अजून शाबूत आहेत, फक्त वर चढलेत. एवढा एकच प्रकार असा की ज्यात ढवळलं तर खरोखर पूर्ववत होतं, आणि पुढच्या वेळी तो टाळताही येतो. थेंब जितका मोठा तितका तो भरभर चढतो. थेंबाचा व्यास निम्मा केला तर चढण्याचा वेग चौथाईवर येतो. म्हणजे रवीने घुसळण्याऐवजी हँड ब्लेंडर वापरला आणि पाणी थोडं घट्ट केलं की काम होतं.

पण वर स्वच्छ, आरपार दिसणारं तेल सुटलं असेल, बोट लावलं तर निव्वळ तेल लागत असेल, तर थेंबांभोवतीचं कवच फुटलं आहे. ते हलवून परत येत नाही. खाली स्वच्छ पाणी सुटलं असेल तर बहुधा इमल्सिफाइंग वॅक्स किंवा गम कमी पडला. रवाळ कण लागत असतील तर सेटिल अल्कोहोल किंवा शिया बटर सावकाश थंड होताना त्याचे खडे झाले. दिसायला वाईट, पण धोका नाही. चिकट गोळे आणि बाजूला पाणी असेल तर दोन न जमणारे पदार्थ एकत्र आलेत. आणि डिसेंबर-जानेवारीत बदलापूरच्या गारठ्यात तेलाच्या बाटलीत पांढरा गोळा दिसला तर तो बिघाडच नाही. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. कोमट पाण्यात बाटली ठेवा, झालं. यासाठीसुद्धा चांगलं तेल ओतून दिलेलं मी पाहिलं आहे.

आणखी एक तपासणी मी करते. ग्लासभर पाण्यात क्रीमचा एक थेंब सोडायचा. तो ढगासारखा पसरला तर पाण्यात तेल धरलेलं आहे, कंडिशनर असंच हवं. गोळा होऊन तसाच राहिला तर उलटं झालंय, तेलात पाणी. पांढरं पातळ कंडिशनर करायला गेलं आणि असा गोळा राहिला तर प्रमाण चुकलंय किंवा पाण्यात काहीतरी आहे, असं मी धरते.

कारणांत सगळ्यात जास्त आढळणारं कारण अगदी साधं आहे: धरून ठेवणारा पदार्थच घातलेला नसतो. कोरफडीचा गर आणि खोबरेल मिक्सरमधून फिरवलं की सुंदर पांढरं क्रीम दिसतं. ते हवेने आणि गराच्या चिकटपणाने तात्पुरतं उभं असतं. संध्याकाळपर्यंत तेल सुटायला लागतं. मधमाशीच्या मेणाने क्रीम जमतं असं ऐकून नुसतं मेण घालणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मेण तेलाला घट्ट करतं, पाण्याला धरत नाही. रिठ्याला फेस येतो म्हणून तो तेल-पाणी बांधेल असं वाटतं. थोडा वेळ बांधतोही, पण बरणीत आठवडा काढण्याएवढी ताकद त्यात नाही. इमल्सिफायर म्हणून विकला जाणारा पदार्थच लागतो. इमल्सिफाइंग वॅक्स घेतलं तर तेलाच्या साधारण चौथा हिस्सा धरा: २० ग्रॅम तेल असेल तर ५ ग्रॅम वॅक्स. कंडिशनरसाठी बीटीएमएस चांगलं, ते केसांना मऊपणाही देतं.

तेल बदललं की हिशेब बदलतो, हे बहुतेक कृतींत लिहिलेलं नसतं. ज्या १९४९ साली उल्हासनगरचं नामकरण झालं, त्याच साली अमेरिकेत विल्यम ग्रिफिन यांनी इमल्सिफायरना आकडे देण्याची पद्धत मांडली. तिला एचएलबी म्हणतात, आणि प्रत्येक तेलाची आपली मागणी त्या आकड्यात सांगता येते. तक्त्यांत खोबरेलाची मागणी ८च्या आसपास असते, एरंडेलाची १४च्या आसपास. केस दाट होतात म्हणून एखादी खोबरेलाच्या चालत्या कृतीत अर्धं एरंडेल घालते आणि क्रीम फाटतं, ते एवढ्यामुळेच. तेल बदलायचंच असेल तर एका वेळी थोडंच बदला आणि छोटा लॉट करून पाहा.

दुसरं मोठं कारण तापमान. तेल-वॅक्सचं भांडं आणि पाण्याचं भांडं, दोन्ही ७० ते ७५ अंशांवर असताना एकत्र करायला हवीत. घरात काय होतं, तर वॅक्स वितळलं की ते भांडं उतरवून ठेवतात, तोवर पाणी तापत राहतं. नाहीतर पाणी साधंच घेतात. थंड पाणी पडताक्षणी वॅक्स थिजतं आणि तेलाला धरण्याआधीच त्याचे कण होतात. दोन्ही भांडी एकाच मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात उभी ठेवावीत, स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवावा, आणि एकत्र केल्यावर मिश्रण ४० अंशांवर येईपर्यंत ढवळणं सोडू नये. ब्लेंडर आधी दोन-तीन मिनिटं, नंतर हाताने हळूहळू. पूर्ण वेळ ब्लेंडर चालवलं तर हवा शिरते, क्रीम फुगून दिसतं आणि चार दिवसांनी खाली बसतं.

तिसरं कारण विद्युतभाराचं. बीटीएमएससारखे कंडिशनरचे पदार्थ धनभारित असतात, म्हणून ते केसाला चिकटून राहतात. शाम्पूतला फेस करणारा भाग आणि साबण हे ऋणभारित. दोघांची गाठ पडली की ते एकमेकांना धरतात आणि तेल-पाणी सोडून देतात. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका भाभींनी ‘एकातच दोन’ व्हावं म्हणून चांगल्या जमलेल्या कंडिशनरमध्ये शाम्पू ओतला. बरणीत पनीरसारखे गोळे आणि निवळी पाहून त्यांना वाटलं माल खराब आला. माल उत्तम होता. झँथन गमही ऋणभारित आहे, बीटीएमएसच्या कंडिशनरमध्ये त्याच्या तारा सुटू शकतात. तिथे घट्टपणासाठी एचईसी म्हणून मिळणारी सेल्युलोजची पूड घ्यावी, तिच्यावर कसलाच भार नसतो.

चौथं कारण लिंबू. जीएमएस-एसई नावाचा स्वस्त इमल्सिफायर पुष्कळ ठिकाणी मिळतो. त्यात थोडा साबण असतो आणि त्या साबणाच्या जोरावरच तो काम करतो. कोंड्यावर चांगलं म्हणून अशा क्रीममध्ये लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा दही घातलं की आम्लाने साबण मोडतो आणि क्रीम फाटतं. तिथे कितीही घुसळलं तरी उपयोग नाही. आंबट घालायचंच असेल तर इमल्सिफायर आम्लात टिकणारा निवडायला हवा, बीटीएमएस टिकतो.

पाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्याकडे पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. अंबरनाथ-बदलापूरला जीवन प्राधिकरणाचं, मुख्यतः उल्हास नदीतून उचललेलं पाणी येतं, उल्हासनगरला एमआयडीसीचं. उन्हाळ्यात कपात लागली की सोसायटीच्या टाकीत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी मिसळतं. बादलीवर पांढरे डाग, गिझरला खर, साबणाला फेस नाही, ही सगळी त्याची खूण. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा करतं, म्हणजे जीएमएस-एसईचं क्रीम इथेही हरतं. जेल घट्ट करायला वापरतात त्या कार्बोपोलचं जेलही क्षारांनी पातळ होतं. फेब्रुवारीत उत्तम जमलेलं क्रीम मे महिन्यात त्याच हाताने, त्याच मालातून केलं आणि फाटलं, अशी तक्रार माझ्या जावेची होती. तिला वाटत होतं उन्हामुळे फाटलं. आम्ही एकाच सकाळी, एकाच गॅसवर, दोन छोटे लॉट केले. एकात मेडिकलमधलं डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात टाकीचं. दुसऱ्या दिवशी टाकीच्या पाण्याच्या बरणीत कडेने पाणी सुटलेलं होतं, पहिली बरणी एकसंध होती. दोन्ही बरण्यांना ऊन तेवढंच लागलं होतं. वाद मिटला.

त्यामुळे पाणी डिस्टिल्डच घ्या. १०० ग्रॅमच्या लॉटला लागतं किती? एसीतून टपकणारं पाणी डिस्टिल्डच असतं असं सांगणारे भेटतात. ते वापरू नका, ते धुळीच्या जाळीवरून आणि बुळबुळीत पन्हाळीतून येतं. बॅटरीचं पाणीही अंगाला लावायच्या वस्तूत नको.

आता ती काळे धागे धरलेली बाटली. फाटण्याचं एक कारण जिवंत असतं, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. जिथे पाणी आहे तिथे जिवाणू आणि बुरशी वाढणार, आणि आमच्याकडचा जून ते सप्टेंबर त्यांना फारच मानवतो. ते गम खातात, आम्ल तयार करतात, पीएच बदलतात, आणि काल घट्ट असलेलं क्रीम आज पाणी होतं. जवसाचं जेल, मेथीचं जेल, तांदळाचं पाणी, जास्वंदीचा काढा, ताजा कोरफडीचा गर यांत तर त्यांचं खाणं भरपूर. अशी वस्तू फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. जवसाच्या जेलला पाणी सुटलं किंवा तार तुटली की ते गाळून वापरायचं नाही, टाकायचं. आंबूस वास, झाकण उघडताना फुस्स, रंग काळवंडणं, बरणीच्या गळ्याशी ठिपके, यांतलं काहीही दिसलं तर तो प्रश्न फाटण्याचा राहिलेला नाही. ती वस्तू पुन्हा उकळूनही चालणार नाही. खाजवून कातडी निघालेल्या डोक्याला, कोंड्याने चिरलेल्या त्वचेला असलं काही लागलं तर पू होईपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

व्हिटॅमिन ई घातलंय, टी-ट्री घातलंय, कडुनिंब आहे, मग खराब कसं होईल, असं मला विचारतात. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जिवाणूंना अडवत नाही. टी-ट्री आणि कडुनिंब यांच्या भरवशावर पाणी असलेली वस्तू महिनाभर ठेवता येत नाही. खरा प्रिझर्वेटिव्ह लागतो. फिनॉक्सीइथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरीन यांचं मिश्रण सहज मिळतं, ते १ टक्क्याच्या वर नको. मिश्रण ४० अंशांच्या खाली आल्यावर घालायचं. सोडियम बेन्झोएट स्वस्त आहे, पण ते आम्लतेतच काम करतं, पीएच ५च्या खाली असेल तरच. पीएचच्या पट्ट्या घरात ठेवाव्यात, कंडिशनर ४ ते ५मध्ये बसवावं.

आणि फाटलेली बरणी हलवून वापरण्याविरुद्धचं माझं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. फिनॉक्सीइथेनॉलसारख्या प्रिझर्वेटिव्हचा काही भाग तेलाकडे ओढला जातो. तेल वेगळं होऊन वर गेलं की तोही त्याच्याबरोबर जातो आणि खालच्या पाण्याचं संरक्षण कमी पडू शकतं. बरणी वरून ठीक दिसते, वासही येत नाही, आणि खाली वाढ सुरू झालेली असू शकते.

फाटलेला लॉट वाचवता येतो का? आज केला आणि आजच फाटला असेल तर येतो. पुन्हा ७० अंशांवर न्या, इमल्सिफायर एक-दोन ग्रॅम जास्त घाला, वितळल्यावर घुसळा, ढवळत थंड करा. उष्णतेने प्रिझर्वेटिव्ह कमी झाला असेल असं धरून नव्याने घालायचा मोह होतो, पण आधीचा किती उरला ते कळत नाही आणि १ टक्क्याची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून मी सांगते, प्रिझर्वेटिव्ह घालण्याआधी मिश्रण अर्धा तास ग्लासात ठेवून बघा. फाटायचं असेल तर तिथेच बहुधा कळतं. आठवड्याने फाटलेली, किंवा बोटं घालून वापरलेली बरणी मात्र वाचवू नका. त्यातला माल शंभर रुपयांचाही नसतो.

नव्याने सुरुवात करणारीला मी एक साधं कंडिशनर सांगते, १०० ग्रॅमचं. डिस्टिल्ड पाणी ८७ ग्रॅम, बीटीएमएस-५० ५ ग्रॅम, सेटिल अल्कोहोल ३ ग्रॅम, खोबरेल ४ ग्रॅम, आणि शेवटी वर सांगितलेला प्रिझर्वेटिव्ह १ ग्रॅम. सगळं वजनाने, चमच्याने नाही. सेटिल अल्कोहोलचे पापुद्रे चमच्यात कधी दीड ग्रॅम बसतात, कधी तीन. पोळीभाजीच्या हिशेबाचा काटा इथे चालत नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा सोनारी काटा घ्या. पहिल्या वेळी यात सुगंध नको, काढा नको, कोरफड नको. हे जमलं, टिकलं, की मग एकेक गोष्ट वाढवा. फाटलं तर कशामुळे फाटलं ते तेव्हाच कळतं.

स्प्रे करायचाच असेल तर सुगंधी तेल एकूण अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे १०० मिलिलिटरला १० थेंबांपर्यंत. ते आधी ट्वीन-२० या तेल विरघळवणाऱ्या द्रवात, तो तेलाच्या चौपट घेऊन, नीट मिसळा आणि मग थेंबथेंब पाणी घाला. पाणी स्वच्छ राहिलं तर तेल विरघळलं. दुधाळ झालं तर ट्वीन कमी पडला. रात्रभर ठेवून सकाळी उजेडात बघा. वर चकाकी दिसली तर तो स्प्रे कोणाच्याही डोक्यावर जाता कामा नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. लहान मुलांच्या डोक्याला पुदिना-कापूर नकोच, आणि कापराच्या तेलाची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. पोटात गेला तर कापराने झटके येतात.

तयार झालेल्या प्रत्येक लॉटमधून दोन छोट्या बाटल्या बाजूला काढायच्या. एक रात्री फ्रीजमध्ये, दिवसा बाहेर, असं तीन वेळा करायचं. दुसरी बाटली फ्रीजच्या मागे, जिथे कोमट हवा येते तिथे ठेवायची. कारखान्यात आम्ही असले नमुने ४० अंशांच्या कपाटात तीन-तीन महिने ठेवायचो. घरी एवढं नको, पण दोन आठवडे या दोन बाटल्या एकसंध राहिल्या तर निम्मी काळजी मिटते. वहीत तारीख, पाणी कुठलं, वजनं, तापमान आणि त्या दिवशी काय वेगळं केलं ते लिहायचं. बदलापूरच्या त्या वहिनी आता हे सगळं करतात. त्यांची वही माझ्या प्रयोगशाळेतल्या वह्यांपेक्षा नीट आहे.

त्यांना आता विक्रीसाठी विचारणा होते. दिवाळीच्या प्रदर्शनात टेबल लावा, ग्रुपवर ऑर्डर घ्या, असं मैत्रिणी म्हणतात. स्वतःसाठी करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तो मिळण्यासारखा नाही. दुसरा रस्ता म्हणजे परवाना असलेल्या एखाद्या छोट्या कारखान्याकडून आपली कृती करून घेणं, आणि असे कारखाने शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. वहिनी सध्या त्याचीच चौकशी करत आहेत. तोपर्यंत त्यांनी वाण देणं थांबवलेलं नाही. फक्त यंदाच्या बाटलीवर चिठ्ठी होती. बाटलीत काय काय घातलंय ते सगळं, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, आणि खाली त्यांच्या अक्षरात: थर दिसला तर वापरू नका, मला परत आणून द्या.